गाडीच्या नाकाला मलमल

अहो,

कापसाचं जिनिंग सुरू झालं. काल सकाळी मी ओट्यावर बसले होते आणि फॅक्टरीकडून पंख्याचा तो घुमणारा आवाज आला. सवयीनं मी आत वळून म्हणाले, "जी, पंखा सुरू झाला पाहा." आत विनोदभाऊ होते. ते बाहेर आले. तांब्याभर पाणी आणून माझ्याजवळ ठेवलं आणि पुन्हा आत गेले.

तेरवी आटोपली, पाहुणे गेले. घरात माणसं होती तोवर मी चहा करत होते. चहा करणाऱ्या बाईला कोणी फार काही विचारत नाही, ते बरं होतं. आता दमले आहे. झोपून उठले तरी दमलेलीच असते. रडायचं म्हटलं तरी अंगात जोर लागतो, तोही नाही. आणि जो आला तो तुमच्याबद्दल चांगलंच बोलला. शांत माणूस, देवमाणूस, कधी कोणाला दुखावलं नाही. मला त्या चांगल्याचा कंटाळा आला हो. एकानंही म्हटलं नाही की हा माणूस महाहट्टी होता, बायकोचं एक ऐकत नव्हता आणि वर गोड हसायचा. मी म्हणणार होते, पण हातात कपबश्या होत्या.

आज विनोदभाऊंनी विषय काढला. तुमचा भाऊ तुमच्यासारखा नाही, आधी घसा खाकरतो. "वयनी, गाडीचं काय करू? अमरावतीचा एक जण मागून राह्यला. पण तो म्हणते का पाइपाचा जुगाड काढा, कंपनीचा डबा बसवून द्या, मंगच नेतो."

मी म्हटलं, उद्या सांगते. त्याआधी तुमच्याशी बोलायला हवं होतं. पाइपाचं भांडण आपलं अर्धंच राहिलं, आणि रुमालाचं तर त्याहून अर्धं. तुम्ही निघून गेलात म्हणून भांडण मिटलं असं मी मानणार नाही.

गाडी आली त्या सालात कापसानं सगळ्यांनाच आडवं पाडलं होतं. बोंडं झाडावरच काळी पडली. जो कापूस घरात आला त्याला भाव नाही, आणि जिनिंगमध्ये यायला तर कापूसच नाही. हंगामात जेवायला घरी येता येत नाही म्हणून कुरकुरणारे तुम्ही, जिनिंगचे फोरमन, दिवाळी उलटली तरी घरातच. आधी तुम्ही माझं शिलाई मशीन खोललं, पुसून पुन्हा जोडलं. मग आपला पंखा. मग शेजारच्यांचा पंखा, त्यांनी सांगितलं नसताना. मला वाटलं, आता हा माणूस मला खोलेल. मग एक दिवस नागपूरला गेलात आणि ट्रकवर घालून ती लाल गाडी घेऊन आलात. दोन दारं, दोन सीटा, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. कुठल्याशा गॅरेजच्या मागे बाभळीखाली पडून होती म्हणे. मी ओट्यावरून विचारलं, "हे कायले आणलं?"

"बसून पाह्य."

बसले. उठता येईना. तुम्ही हात धरून मला ओढून काढलं आणि इतके हसलात की ठसका लागला. त्या ठसक्याकडे तेव्हा कोणाचंच लक्ष नव्हतं.

पांढरकवड्यात स्पोर्ट्स कार! लोक बोलणारच. "लोकायच्या घरी सुतक अन् याले लाल गाडी." तुम्ही ऐकलं आणि तुम्हाला ते लागलं. त्या वर्षांत आपल्याकडे बाहेरच्या गाड्या फार यायच्या. माणसं उतरायची, कोण गेलं, कर्ज किती होतं ते विचारायची, फोटो काढायची, धूळ उडवत निघून जायची. तुम्हाला त्यांच्यातलं एक दिसायचं नव्हतं. म्हणून ज्या घरातलं कोणी नुकतं गेलं असेल त्या घराच्या अलीकडेच तुम्ही इंजिन बंद करायचे. मी स्टिअरिंग धरून बसायची आणि तुम्ही मागून ढकलायचे, घर मागे पडेपर्यंत. पुढे जाऊन पुन्हा सुरू. एकदा केळापूरला देवीला जाताना तुम्ही इतक्यांदा उतरलात की पायी निघालो असतो तर लवकर पोचलो असतो. मला हसू आलं, आणि मग हसू आल्याची लाज वाटली. तुम्ही घामानं भिजून आत येऊन बसलात आणि म्हणालात, "हास. गाडीत बसून हासलं तर चालते."

गाडी चालायची, पण धाप लागल्यासारखी. तुम्ही निदान केलं की इंजिनाला हवा पुरत नाही. कंपनीनं दिलेला हवेचा डबा एवढासा, त्यातली कागदी घडी जुनी आणि नवी कुठे मिळेना. मग ठरलं, आपणच करू. नवीन पाइप, नवीन जाळी, हवा सरळ बाहेरून ओढायची. जन्मभर तुम्ही जिनिंगमध्ये तेच केलं होतं. कापूस पाइपातून हवेवर बसून कसा जातो, कुठे अडतो, कुठे सुसाट सुटतो, हे तुम्ही जेवताना सुद्धा सांगायचे. "हवा अन् कापूस एकच. कोपरा आला का अडलं. वळण बांगडीवानी पाहिजे." असं म्हणून माझ्या हातातली बांगडी काढून घेतली आणि ताटातल्या वरणाच्या कडेला ठेवून मला वळण दाखवलं. ती बांगडी मग कित्येक दिवस तुमच्या पान्यांच्या डब्यात होती. माझी भिजवलेली कणीकही तुम्ही नेली होती, बॉनेटखाली जागा किती आहे ते दाबून पाहायला. त्या दिवशी पोळ्या कमी पडल्या तेव्हा तुम्हीच विचारलंत, काहून?

पहिला पाइप प्लॅस्टिकचा. त्यात रेती ठासून भरली, शेगडीवर फिरवत फिरवत वाकवला, आणि खरं सांगते, वळण इतकं देखणं आलं होतं की मी तो पाइप दिवसभर दिवाणावर ठेवून पाहत होते. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन आणि वर इंजिनाची धग. तो शिजलेल्या भेंडीसारखा लोळला. तुम्ही बॉनेट उघडून तो बोटानं दाबून पाहिलात. मग म्हणालात, "पत्रा." आणि दुसऱ्या दिवसापासून पत्रा. जिनिंगची कामं करणाऱ्या पत्रेवाल्याकडे बसून तुकडे कापले, जोडले, ट्रॅक्टरच्या रबरी नळीचा तुकडा मध्ये घातला. तारेच्या जाळीचं गोल डबडं केलं, त्यावर तेलात बुडवलेला स्पंज. सगळं जमलं. राहिला एकच प्रश्न, की पाइपाचं तोंड कुठे ठेवायचं.

तुमचं म्हणणं, खाली. बंपरच्या मागे. तिथे हवा थंड आणि थंड हवेनं इंजिनाला बळ येतं. माझं म्हणणं, वर, दिव्याच्या मागे. कारण अंगण मी झाडते. कापसाची रुई, केस, भुसा, सगळं जमिनीलगत सरपटत येतं आणि भिंतीच्या बुडाशी साचतं, वर काही जात नाही.

"तुले इंजिनातलं काय समजते?"

"मले झाडूतलं समजते."

तुम्ही तोंड खालीच ठेवलं. आणि हंगाम लागेपर्यंत तुमचंच खरं ठरलं. मुकुटबनच्या रस्त्यावर तुम्ही मला घेऊन गेलात आणि गाडीनं असा काही सूर लावला की मी दार घट्ट धरून बसले. आत हवा ओढल्याचा आवाज यायचा, फूऽऽ असा. तुम्ही माझ्याकडे पाहून नुसत्या भुवया उडवल्या. मी खिडकीबाहेर पाहिलं. हरलेल्या माणसानं बाहेर पाहावं. त्याच रस्त्यावर तुम्ही मला गाडी चालवायला शिकवलंत, आणि मी गिअर बदलताना करकर केली की पाइपाला सॉरी म्हणायचे, मला नाही.

एक चूक झाली होती आणि ती आपल्या गावचा माणूसच करू शकतो. जिनिंग बंद होतं म्हणून हवा स्वच्छ होती. ज्या माणसाच्या भुवयांवर रुई बसून बसून त्या कायमच्या पांढऱ्या वाटायच्या, तोच माणूस रुई विसरून गेला. पुढच्या हंगामात थोडा कापूस आला, फॅक्टरीचा पंखा फिरला, टेंपो ओसंडून वाहू लागले. तुम्ही गाडी घेऊन फाटकाजवळून गेलात आणि ती घुसमटून जागीच बंद पडली. मी मागून पायी येत होते. तुम्ही वाकून ते डबडं बाहेर काढलं. रुईचा नुसता बोळा झाला होता, जाळी दिसतच नव्हती. मी तोंड उघडणार, सांगितलं होतं ना म्हणून. पण तुम्ही तो बोळा हातात धरून हसत होतात. "पाह्य, निमा. जिनिंग चालून राह्यलं." तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या एका दिवशी मी तुम्हाला मोकळं सोडलं.

त्याच हंगामात खोकला वाढला. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलात की छाती आवळायची, मग दोन-चार दिवसांत सैल व्हायची, पुन्हा सुट्टी, पुन्हा तेच. यवतमाळच्या डॉक्टरांनी नळी लावून पाहिलं आणि विचारलं, काम काय करता? तुम्ही सांगितलं. ते म्हणाले, नाकातोंडाला कापड बांधत जा, नाही तर एक दिवस हवा विकत घ्यावी लागेल. येताना बसमध्ये तुम्ही मला त्यांच्या टेबलावरच्या पंख्याच्या बेअरिंगबद्दल सांगत होतात.

मी घरी आल्याबरोबर कापड काढलं. पोपलिनमधून श्वास येत नव्हता, मांजरपाट टोचत होता. शेवटी माझ्या आईची जुनी मलमल फाडली. दुहेरी पदर, कडेला बारीक चुण्या, म्हणजे नाकावर चेपणार नाही, आणि मागे इलॅस्टिक. स्वतःच्या तोंडाला लावून मी घर झाडून पाहिलं. रुमाल उत्तम झाला होता. तुम्ही हातात घेऊन उजेडाकडे धरला, फुंकर मारून पाहिली, ओढून पाहिला आणि म्हणालात, "झकास झालं हे." मला किती बरं वाटलं होतं, तुम्हाला कधी सांगितलं नाही.

चार-पाच दिवसांनी धुवायला मागितला तर इकडे तिकडे पाहायला लागलात. मी शोधला. खिशात नाही, डब्याच्या पिशवीत नाही. मग संशय आला आणि मी बॉनेट उघडलं. माझ्या आईची मलमल पाइपाच्या तोंडाला बांधलेली. चुण्या नीट चारी बाजूंनी, इलॅस्टिक घट्ट. इतकी चपखल बसली होती की जणू मापच घेऊन शिवली होती.

"माणसासाठी शिवली होती म्या. गाडीले कायले?"

"गाडी आता पाह्य कशी चालते."

"तुम्ही कसे चालून राह्यले ते दिसते मले."

दोन दिवस मी बोलले नाही. मग दुसरा रुमाल शिवला, तुमच्यासाठी. तोही गाडीला गेला, कारण एक धुवायला तर एक वापरायला हवा होता. मी तिसरा शिवला. मला काय वेड लागलं होतं कोण जाणे. मी तुमच्या नाकाला शिवत होते आणि गाडी घालत होती, आणि तुम्ही इमानदारीनं ते काढून मला धुवायला आणून देत होतात. पाणी राखाडी निघायचं. मी ते पाणी तुमच्यासमोर धरायची, पाहा, हे असं आत जातं. तुम्ही म्हणायचे, "पण इंजिनात नाही गेलं."

मग एकदा मी फारच बोलले. भांडी आपटली. म्हटलं, तुम्हाला स्वतःच्या छातीपेक्षा ते पत्र्याचं भोंगाडं जास्त. तेव्हा तुम्ही पायऱ्यांवर बसलात आणि पहिल्यांदा सरळ उत्तर दिलंत. "निमा, म्या बांधला होता. एक दिवस बांधला. मशीनीपाशी बाया कापूस टाकतात, उघड्या नाकानं. पार्वताबाई मायाकडे पाहून हासली. वाईट नाही हासली. पण म्या फोरमन, अन् मायाच एकट्याच्या तोंडाले कापड? ते मले नाही झेपलं."

"मंग त्यायलेही शिवून देतो ना म्या."

"त्यायले मालक तेवढ्यासाठी थांबू देईन? घाम येते, कापड ओलं होते, श्वास कोंडते, घडीघडी काढा लागते. काढलं का हात थांबते."

"म्हणून तुम्ही मराल काय?"

मला हे उत्तर कधीच पटलं नाही. मला वाटायचं, हट्टाला चांगलं कारण सापडलं, एवढंच. चारचौघींच्या हसण्यासाठी कोणी छाती देतं का? मी हे तुम्हाला शेवटपर्यंत ऐकवलं. दवाखान्यात जाताना अॅम्ब्युलन्समध्येही ऐकवलं. आणि आज विचाराल तर पुन्हा ऐकवेन.

यवतमाळला त्यांनी तुमच्या नाकातोंडावर प्लॅस्टिकचा तो ऑक्सिजनचा मास्क लावला तेव्हा तुम्ही काढून टाकायला लागलात आणि मी ओरडले, राहू द्या. राहू दिलात. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंत ते तिथे. शेवटच्या दुपारी तुम्ही चादरीवर बोटानं काहीतरी काढत होतात. एक वळण. मग बोट वर केलंत, पुन्हा वर. मला वाटलं, खाट वर करायला सांगताय. मी नर्सला बोलावून डोक्याकडची बाजू उचलून घेतली. तुम्हाला थोडं बरं वाटलं असावं, डोळे मिटलेत.

घरी आल्यावर त्या बोटाचा अर्थ दुसराच लागतो आहे. तुम्ही पाइप काढत होतात का हो? तोंड वर, असं म्हणत होतात का? म्हणजे माझं कबूल केलं? का खरंच खाट? मी विनोदभाऊंनाही विचारलं, ते म्हणाले, "वयनी, राहू द्या." कसं राहू देऊ? इतक्या वर्षांत एकदा तुम्ही हरलात असेल आणि मला कळलंच नसेल तर?

म्हणून आज जेवण झाल्यावर मी गाडीवरचं कापड काढलं. तुमचा पेचकस घेतला, रबरी नळीवरची क्लिप सैल केली, पाइप फिरवला आणि तोंड वर करून दिव्याच्या मागे बसवलं. मलमल काढून टाकली. विनोदभाऊ म्हणाले, "वयनी, तुमच्यानं होईल काय?" मी म्हटलं, बसायचं असेल तर बसा. ते नाही बसले.

फाटकासमोरून नेली. टेंपो उभे होते, रस्त्यावर कापूस पसरला होता, चाकांमागे उडत होता. गाडी बंद पडली नाही. मी पुढे जाऊन वळवली आणि परत नेली, मुद्दाम हळू. तरी नाही. फूऽऽ करत चालली, मुकुटबनच्या रस्त्यावर चालायची तशी. कळलं ना? तोंड पहिल्यापासून वर ठेवलं असतं तर माझी मलमल लागलीच नसती. विनोदभाऊंना मी सांगणार आहे, विकायची तर पाइपासकट. त्या माणसाला डबाच हवा असेल तर त्यानं दुसरी गाडी बघावी.

मी जिंकले म्हणून शेजारच्या सीटकडे पाहिलं. मग गाडी कडेला घेतली, कारण पुढचं दिसेना.

तिथेच, फाटकापाशी, बायांची जेवायची सुट्टी झाली होती. लाल गाडी पाहून त्या आल्या. ती इतकी बुटकी की सगळ्यांना वाकावं लागलं. मी उतरले. पार्वताबाईनं माझे दोन्ही हात धरले. "बाई, साहेब गेले. आमाले येऊ दिलं नाही हो त्या दिवशी, हंगामाची तयारी होती. अख्खा दिवस मन लागलं नाही." मग कोणी सांगायला लागली, साहेबांनी तिचा हात अडकू नये म्हणून मशीनीचा पट्टा कसा लांब सरकवून दिला होता, दुसरी म्हणाली, बोलायचे कमी पण आधी हात पाहायचे, कोणाला लागलं तर नाही ना. तुम्ही मला हे काहीच सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात वारा फिरला आणि शेडच्या दारातून रुईचा लोट बाहेर आला. माझा हात आपोआप गेला. मी पदर नाकातोंडावर घट्ट धरला.

त्या बोलतच होत्या. पापण्यांवर रुई, केसांत रुई, ओठांच्या कडांना रुई. पार्वताबाईला खोकला आला, ती वाक्य मध्येच सोडून वाकली, खोकली, छाती चोळली आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा बोलायला लागली. मग माझ्या पदराकडे पाहून हसली. मायेनं हसली हो. "लागून राह्यलं ना बाई? आमाले सवय हाय."

मी किती बोलले होते तुम्हाला. भांडी आपटून, अॅम्ब्युलन्समध्येसुद्धा. त्यातलं एकही वाक्य मला तिथे आठवेना. सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि त्या इतक्या तोंडांमध्ये एक माझंच झाकलेलं होतं.

मी पदर खाली घेतला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी पुन्हा वर नाही नेला. त्या तुमच्याबद्दल सांगत राहिल्या आणि मी उघड्या तोंडानं ऐकत उभी राहिले, भोंगा वाजून त्या आत जाईपर्यंत.